हुंकाराची बारी

१

दुपारचे दोन वाजले की मी घर गप्प करायला घ्यायची.

आधी कूलर बंद. मग भिंतीवरचं घड्याळ काढून आईच्या पेटीत, साड्यांच्या घड्यांमध्ये. मोरीतला नळ गळायचा. त्याच्या तोंडाला मी सुतळी बांधली होती आणि तिचं टोक बादलीत सोडलं होतं, म्हणजे थेंब टपकण्याऐवजी सुतळीवरून मुकाट उतरायचा. खिडकीला दोन गोधड्या, दाराला एक, आणि माइकच्या पाठीमागे खाटेवर उभी केलेली गादी. दोनचीच वेळ का, तर आमच्या घरावर टिनं होती. सकाळी ऊन चढताना ती तडतडायची, संध्याकाळी निवताना पुन्हा तडतडायची. मधले दोनेक तास तापून गप्प असायची. इंदोऱ्यातली आमची गल्लीही त्या वेळी गप्प असायची. मे महिन्यात नागपुरात दुपारी दोनला कुत्रंसुद्धा भुंकत नाही.

हे सगळं मी भीमामावशीच्या आवाजासाठी करत होते.

साल १९८२. माझं एम.ए.चं पहिलं वर्ष संपलं होतं आणि मी नि माझ्या दोन मैत्रिणी ‘कानोसा’ नावाचं मासिक काढत होतो. ते छापलेलं नव्हतं, साठ मिनिटांच्या कॅसेटवर होतं. ज्या बायकांना वाचता येत नाही त्यांनी मासिकाशिवायच राहायचं का, हा माझा प्रश्न होता आणि तो मी भेटेल त्याला विचारत असे. घरातच रेकॉर्ड करायचं, दोन टेपरेकॉर्डर वायरीनं जोडून प्रती काढायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती कन्हान, पारशिवनी, भिवापूरच्या महिला मंडळांना पाठवायच्या. पहिल्या अंकावर भिवापूरच्या बायकांचा निरोप आला, “तुमचा कूलर मस्त ऐकू आला. बाई काय बोलली थे नाई समजलं.”

तो निरोप मला झोंबला. तेव्हापासून मी घरातल्या आवाजांच्या मागे लागले.

भीमामावशी आईची मैत्रीण. आमच्याच गल्लीत एकटी राहायची. दोघींनी एका बिडी कारखान्यात, एका रांगेत बसून पंचवीस वर्षं बिड्या वळल्या होत्या. दिवाळीपासून तिचा घसा बसला होता तो उघडलाच नाही. एप्रिलमध्ये डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. अठ्ठावीस मेची तारीख दिली. त्यानंतर ती जगेल, पण बोलणार नाही. तोवर बोलायचंच असेल तर दिवसाला अर्धा तास, जास्त नाही.

मी हिशेब केला. चौदा मेपासून सव्वीसपर्यंत, रोज अर्धा तास. एवढ्यात तिची गोष्ट बसायला हवी होती.

२

ती गोष्ट विस्तवाची होती.

एका बाईची चूल विझते. ती शेजारणीकडे विस्तव मागायला जाते. शेजारीण म्हणते, माझा विस्तव मी पलीकडच्या घरून आणला. ती पलीकडच्या घरी जाते. तिथली म्हणते, माझाही उसनाच. अशी ती दारोदार, गावोगाव फिरते, पहिली चूल कोणाची ते शोधत. प्रत्येक दारामागे एक बाई आणि त्या बाईची हकिगत. कुठे दार उघडतं, कुठे तिला लांब उभं राहायला सांगून विस्तव जमिनीवर टाकतात. कारखान्यात रोज एक दार, अशी ती वर्षानुवर्षं चालली. बाया लग्नं होऊन गेल्या, नवीन आल्या. शेवटचं दार कोणीच ऐकलं नव्हतं.

“शेवट आहे ना, मावशी?” मी विचारलं होतं.

“आहे ना वं. नसन कसा? पण थो सांगाले लय आवाज लागते.”

बिडी वळताना मान वर करता येत नाही. मांडीवर सूप, डोळे तेंदूच्या पानावर, बोटं जर्द्यात. सांगणारीला ऐकणाऱ्यांची तोंडं दिसत नाहीत. म्हणून रांगेतल्या एकीनं हुंकार द्यायचा. वाक्य थांबलं की ‘हूं’. त्याची बारी असायची, आज ही, उद्या ती. हुंकार आला नाही तर सांगणारी विचारायची, “झोपली का वं?” आणि तरीही उत्तर आलं नाही तर गोष्ट तिथेच ठेवायची. पण हुंकार येत असेल तोवर सांगणारीनं थांबायचं नाही. ऐकणारीचा तो मान होता.

पहिल्या दिवशी आई मावशीशेजारी चटईवर बसली आणि जुन्या सवयीनं हुंकार देत राहिली. संध्याकाळी मी टेप ऐकली. मावशीचा आवाज घोगरा पण साफ, आणि प्रत्येक वाक्याच्या शेपटाला आईचं ‘हूं’. वर बांगड्या. मी सगळी टेप पुसली.

“आई, उद्यापासून तू बाहेर बस.”

“काहून?”

“टेपवर तुझं हूं-हूं येतं.”

“मंग? हुंकार नाई देला तं सांगणारीले समजन कसं, कोणी ऐकून राहिलं म्हणून?”

“मी समोर बसलेली असते ना. तिला दिसते मी.”

“तू कुठी ऐकून राहते? तू तं त्या मशीनच्या काट्याकडे पाहून राहते.”

भीमामावशी भिंतीला टेकून बसली होती. ती हसली, म्हणजे तिच्या घशातून वारा निघाला. “जाऊ दे कौशल्या. पोट्टी शिकेल आहे. तिच्या मासिकात तुह्यं हूं छापून कोण वाचन?”

आईही हसली. पण दुसऱ्या दिवशी दोन वाजता चप्पल घालताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती सिंधूताईंकडे कुरडया घालायला गेली. तीन घरं सोडून.

३

त्या दिवशी खोलीत आम्ही दोघीच होतो. इतकी शांतता मी त्या घरात कधी ऐकली नव्हती. घाम हनुवटीवरून चटईवर पडला तर त्याचा आवाज होईल म्हणून मी पदर हनुवटीखाली धरून बसले होते.

मावशी सांगत होती. नजर खाली, स्वतःच्या मांडीकडे. मांडीवर सूप नव्हतं, पान नव्हतं, तरी बोटं चालू होती. पान घेतल्यासारखं, जर्दा भरल्यासारखं, वळल्यासारखं. हवेच्या बिड्या. ते पाहून मला गलबलून आलं, पण बोटांचा आवाज होत नव्हता, तेव्हा मी ती चालू दिली.

संध्याकाळी हेडफोन लावून मी टेप ऐकली. कूलर नाही, घड्याळ नाही, नळ नाही. फक्त टेपची बारीक सळसळ आणि मावशी.

“चूल विझली. आता सासू येईन तं काय म्हणन.”

थांबणं.

आणि लांबून, दाराच्या पलीकडून यावं तसं, ‘हूं’.

मी टेप मागे घेतली. पुन्हा ऐकली. पुढे गेले. प्रत्येक थांबण्यावर होतं. मी हेडफोन आपटला आणि तडक सिंधूताईंच्या घरी गेले. आई अंगणात परात घासत होती.

“तू दुपारी दाराशी येऊन बसली होतीस का?”

“कोणाच्या?”

“आपल्या. खरं सांग.”

सिंधूताईच मध्ये बोलल्या. “प्रेमिला, तुही माय दोन वाजल्यापासून इथून हालली नाई. वर छतावर जाऊन पाह्य, पाच साड्यांवर कुरडया आहे. त्या काय माह्या एकटीनं झाल्या?”

आईनं हात धुतले. ओले हात माझ्या कपाळाला लावले. “ऊन लागलं हिले,” ती म्हणाली. “कूलर बंद करून बसते, काय होईन दुसरं?”

४

माझा तर्कावर विश्वास होता, अजूनही आहे. कमाल चौकात मधुसूदनचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. तो कॉलेजात माझ्या वर्गात होता, बी.एस्सी. अर्धवट सोडून दुकानात बसला. माइक, हेडफोन, आवाजाबरोबर काटा हलणारं टेपचं मशीन, सगळं त्याच्याकडून मागून आणलेलं.

“काही नाई,” त्यानं ऐकून सांगितलं. “जुनी कॅसेट आहे. पुसली तरी थोडंसं राहून जाते. तुह्या आईचं पह्यल्या दिवशीचं असन.”

“पण ते बरोबर थांबण्यावर येतं.”

“मंग अजून एक आहे. टेप गुंडाळून राहते ना, तं एका थराचा आवाज दुसऱ्या थरावर उमटते. पुढचं मागं ऐकू येते. पुस्तकात आहे.”

पुस्तकात आहे म्हटल्यावर मला इतकं बरं वाटलं की मी त्याला चहा पाजला. त्यानं दोन कोऱ्या कॅसेट माझ्यासमोर कागद फाडून काढल्या. तीन दिवस मी त्यांच्यावर रेकॉर्ड केलं. संध्याकाळी ऐकायचं टाळलं. काट्याकडे पाहून समाधान मानत राहिले. चौथ्या दिवशी रेकॉर्डिंग संपल्यावर त्या घेऊन सरळ दुकानात गेले.

मधुसूदननं हेडफोन लावला, डोळे मिटले. सुरुवातीला तो मान डोलावत होता. गोष्ट होतीच तशी. मग मान थांबली. त्यानं मशीनची बटणं फिरवली, मागे घेतलं, पुढे केलं, पुन्हा मागे.

“बाई माइकपासून किती दूर बसते?”

“दीड हात.”

“आन तू?”

“मी मशीनजवळ. माइकच्या अलीकडे.”

“हे अलीकडचंच आहे,” तो म्हणाला. “पह्यल्या कॅसेटमधी थे दारापाशी होतं. इथं सुरवातीले खोलीच्या मधात आहे. आन आजच्या दिवसाचं…” त्यानं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. “आजचं बाईपेक्षा जवळ आहे.”

दुकानात तीन रेडिओ उघडे पडले होते. एकातून बातम्या चालू होत्या. आम्ही दोघं काही वेळ बातम्या ऐकत राहिलो.

“मंग तूच देत असशीन,” तो एकदम म्हणाला. “माणसाले समजत नाई. आई देते, आजी देते, रक्तातच राहते थे. तू ऐकता ऐकता हूं करत असशीन.”

हे मला सुचलंच नव्हतं. लाजही वाटली आणि छातीवरचं ओझंही उतरलं. आईला बाहेर काढलं आणि स्वतःच! मी जोरात हसले.

मधुसूदन हसला नाही. “राहू दे ना थे टेपवर,” तो म्हणाला. “काय बिघडते? ऐकाले चांगलं वाटून राहिलं. कोणी तरी ऐकून राहिलं असं वाटते.”

“मला स्वच्छ आवाज पाहिजे,” मी म्हणाले. “तिचा. फक्त तिचा.”

५

दुसऱ्या दिवशी मी हेडफोन कानाला लावूनच रेकॉर्डिंगला बसले. माइकला जे ऐकू येईल ते मला त्याच क्षणी ऐकू येणार होतं. आणि दोन बोटं मी स्वतःच्या गळ्यावर ठेवली, डॉक्टरांनी मावशीच्या गळ्यावर ठेवली होती तशी. माणूस हूं म्हणाला की तिथे थरथरतं. करून पाहिलं होतं.

मावशीनं सुरुवात केली. विस्तव मागणारी बाई पारशिवनीच्या पुढच्या एका पाड्यावर पोचली होती. तिथल्या दारात एक बाळंतीण होती.

“बाळंतीण म्हणे, विस्तव देतो, पण आधी माह्यं पोरगं थोडा वेळ घे. चार दिवस झाले, मी डोयाले डोया लावला नाई.”

थांबणं.

‘हूं.’

माझ्या बोटांखालचा गळा दगडासारखा स्थिर होता.

तो आवाज बाईचा होता. थकलेला, कामात असलेला, मायेचा. भिण्यासारखं त्यात काहीच नव्हतं, आणि माझ्या पाठीवरचा घाम गार झाला. मी हेडफोन कानावरून खाली ओढला. खोलीत काहीही नव्हतं. पुढच्या थांबण्यावर मी श्वास धरून ऐकलं. शांतता, निर्मळ, मला हवी होती तशी. पण मावशी त्या शांततेत एका ‘हूं’ला लागेल तेवढा वेळ थांबली, किंचित मान हलवली आणि पुढे गेली.

अर्धा तास झाल्यावर मशीन बंद केलं. दाराची गोधडी काढली. ऊन आत आलं तेव्हा मला बोलता आलं.

“मावशी, तू मधे मधे थांबतेस ती कोणासाठी?”

“हुंकारासाठी वं.”

“पण इथं कोणी हुंकार देत नाही.”

तिनं टॉवेलनं तोंड पुसलं. माझ्याकडे पाहिलं ते लहान मुलीकडे पाहावं तसं. “तू कायले देशीन? तुह्यामागं मशीनचं काम आहे.”

“मग कोण देतं?”

“मी नाई पुसलं.”

“पाहिलं तर असशील?”

“मान वर कराची सवयच नाई ना,” मावशी म्हणाली. “बारी कोणाची हाये थे रांगेतल्या बायका पाह्यतेत. सांगणारी नाई पाह्यत.”

थांबावं असं त्या संध्याकाळी माझ्या मनात आलं. मी ते मनातून काढून टाकलं. पाच दिवस उरले होते. तिचा आवाज रोज थोडा थोडा जात होता, सकाळी आदल्या दिवसापेक्षा कमी असायचा. असल्या आवाजाला घाबरून मी तिची गोष्ट सोडून दिली असती तर स्वतःला काय तोंड दाखवलं असतं? आईला आत बोलवावं असंही एकदा मनात आलं. तेही मी केलं नाही. कारण मग मला सांगावं लागलं असतं की माझं चुकलं.

६

सव्वीस मे. शेवटचा दिवस. उद्या सकाळी तिला भरती करायचं होतं.

“आज शेवटचं दार सांगतो,” मावशी बसता बसता म्हणाली. आवाज म्हणजे सुकलेलं पान चुरगाळावं तसा.

मी नवी कॅसेट घातली. हेडफोन लावला नाही. काटा हलत होता तेवढं पुरे होतं. दुसरी कोरी कॅसेट मांडीवर ठेवली, लागलीच तर.

तीस मिनिटांनी पहिली बाजू संपली. मावशी थांबली नाही. मी कॅसेट उलटली. मनात डॉक्टरांचा अर्धा तास होता, पण शेवट जवळ आला होता. दारं आता भराभर येत होती. एकेका वाक्यात एकेक दार. बाई कन्हान नदीच्या काठाकाठानं चालली होती, हातात रिकामी खापरी, आणि प्रत्येक दारात म्हणत होती, तुहा विस्तव कोणाचा वं?

दुसरी बाजू संपली. मशीन खटकन थांबलं.

मावशी थांबली नाही.

“मावशी, थांब. टेप संपली. पाणी पी.”

तिची नजर मांडीवर. बोटं चालू. ती एक वाक्य बोलली आणि थांबली.

‘हूं.’

मशीन बंद होतं. हेडफोन पेटीत होता. ते खोलीत आलं. माझ्या डाव्या हाताला, चटईच्या त्या टोकावर, जिथे पहिल्या दिवशी आई बसली होती.

मावशी पुढे सांगू लागली. तिनं टॉवेल तोंडाला लावला, काढला. टॉवेलवर लाल ठिपके होते. पुन्हा बोलली. मी उठून तिच्या खांद्याला धरलं. खांदा हलला, बोटं हलत राहिली, मान वर झाली नाही. एक वाक्य. थांबणं. ‘हूं.’ एक वाक्य. आता शब्दांमध्ये आवाजापेक्षा वाराच जास्त होता. टॉवेलवरचे ठिपके एकमेकांना जाऊन मिळाले. मला समजलं की ती थांबणार नाही. कोणी ऐकत आहे तोवर ती कधीच थांबली नव्हती.

आईला हाक मारायची तर दारापर्यंत जायला हवं होतं. मी वळले. दाराच्या गोधडीला एका बाजूला फट राहिली होती, आणि तिच्यातून उन्हाची एक सरळ पट्टी आत येऊन चटईच्या त्या टोकावर पडली होती. पट्टीत धूळ तरंगत होती. आणि पट्टीत बोटं होती.

मी एवढंच पाहिलं. बाईची बोटं, टोकांना जर्द्यानं पिवळी झालेली. ती उजेडात यायची, वळायची, अंधारात जायची. पान घेतल्यासारखं, भरल्यासारखं, वळल्यासारखं. मावशीच्या बोटांशी त्यांचा ठेका तंतोतंत जुळत होता. पट्टीच्या वर, जिथे तोंड असायला हवं, तिथे मी पाहिलं नाही. माझी मान वर झाली नाही.

“आता एकच दार राह्यलं,” मावशी म्हणाली आणि थांबली.

मांडीवरून पडलेली कोरी कॅसेट मी उचललेली होती. ती माझ्या हातात होती. घालायला दोन सेकंद लागले असते. पंचवीस वर्षांत कोणी न ऐकलेलं दार. मी ते कन्हानच्या, पारशिवनीच्या बायकांना ऐकवलं असतं. आणि तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून एक बारीक लाल रेघ हनुवटीकडे उतरत होती.

मी कॅसेट खाली ठेवली, मावशीसमोर बसले आणि म्हणाले, “हूं.”

चुकीच्या वेळी. डावीकडच्या ‘हूं’च्या नंतर, एकटं, वेडंवाकडं. मावशी अडखळली. पुन्हा बोलली. पुढच्या थांबण्यावर माझं ‘हूं’ आणि ते ‘हूं’ बरोबर आलं. दोन बायका एका रांगेत. त्याच्या पुढच्या थांबण्यावर माझं एकटीचंच होतं. डावीकडे काही नव्हतं. बारी मला मिळाली होती.

आणि तेव्हा मावशीनं मान वर केली. तेरा दिवसांत पहिल्यांदा, सांगता सांगता, तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. तिचे डोळे इतके आनंदी होते की मला ते आजही नीट आठववत नाहीत.

“मंग थे बाई त्या दारापाशी गेली,” ती मला म्हणाली. “आन तिनं कडी वाजवली.”

ती थांबली.

मी ओठ मिटून घेतले.

ती वाट पाहत राहिली. मी डोळे मिटले. मला टिनं ऐकू येत होती, ती निवायला लागली होती. मला सुतळीवरून उतरणारा थेंब ऐकू येत होता. माझ्या घशात ‘हूं’ येऊन बसलं होतं. मी ते गिळलं.

“झोपली का वं?” मावशीनं विचारलं.

मी उत्तर दिलं नाही.

ते तिचे शेवटचे शब्द. तिच्या आवाजातले. त्यानंतर तिनं बोटं मांडीवर ठेवली, पाय लांब केले आणि सूप बाजूला सारल्यासारखा हात केला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिला बोलू दिलं नाही. अठ्ठावीसला ऑपरेशन झालं.

७

जूनच्या पहिल्या आठवड्यात आई आणि मी तिला भेटायला गेलो. लांबलचक वॉर्ड, दोन्हीकडे खाटा. पंखे घरघरत होते. भांडी आपटत होती, कोणाचं तरी मूल रडत होतं, बाहेर पोर्चमध्ये कोणीतरी रिक्षावाल्याशी भांडत होतं. इतक्या आवाजात मी कित्येक दिवसांत बसले नव्हते.

मावशी उशीला टेकून बसली होती. गळ्यावर पट्टी आणि पट्टीत एक नळी. श्वास तिथून जायचा यायचा. आईला पाहून तिचे डोळे भरले. आईनं तिचे केस विंचरले, वेणी घातली, गल्लीतल्या सगळ्या बातम्या सांगितल्या. कोणाकडे पाहुणे आले, सिंधूताईंच्या कुरडया कशा लाल झाल्या. मावशी खांदे हलवून हसत होती. मग आई सुरई भरून आणायला गेली.

मी खाटेच्या उजव्या बाजूला उभी होते. माफी मागायची होती, पण कशाची, ते माझं मलाच सांगता येत नव्हतं. थांबवलं त्याची, की एवढ्या उशिरा थांबवलं त्याची.

मावशीनं नजर खाली केली. चादरीवर तिची बोटं चालू लागली. आणि तिचे ओठ हलले.

मी वाकले. तिच्या तोंडाशी कान नेला. नळीतला श्वास सोडून काही नव्हतं. ओठ हलत होते, शब्द ओठांवर नीट होते, पण मला ते वाचता येत नव्हते. एम.ए.पर्यंत शिकून मला ते वाचता येत नव्हते.

ओठ थांबले.

खाटेच्या पलीकडे भेटायला येणाऱ्यांसाठी एक लोखंडी स्टूल होतं. रिकामं. त्या सगळ्या गोंगाटात, पंख्यांच्या, भांड्यांच्या, रडण्याच्या मधोमध, मला तिकडून स्पष्ट ऐकू आलं.

‘हूं.’

मावशीनं किंचित मान हलवली. ओठ पुन्हा हलू लागले. ती माझ्याकडे पाहत नव्हती. ती घाईत नव्हती. तिचा घसा दुखत नव्हता. दार कधीच उघडलं असावं. तिच्या तोंडावर जे होतं ते दार उघडल्यानंतरचं होतं. आत कोण होतं, पहिली चूल कोणाची होती, ते ती सांगत होती आणि ते कोणीतरी ऐकत होतं. मी नव्हे. मी हात जोडून उभी होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की आजूबाजूचं काहीच बंद करू नये.

शेजारच्या खाटेवरच्या बाईंना बरेच पाहुणे आले होते. नर्स घाईघाईनं आली आणि तिनं स्टुलाला हात घातला.

“हे नेऊ का? इथं कोणी बसलं तर नाही ना?”

मी मावशीच्या ओठांकडे पाहिलं. ते चालूच होते.

“बसलंय,” मी म्हणाले. “राहू द्या.”